अहो, उठा

शालनच्या पोटात दुखत होतं, आणि ओवा खाऊन थांबेल असलं ते दुखणं नव्हतं.

तिच्या खराडीच्या ऑफिसात फळ्यावर श्रीनिवास सरांनी सकाळीच 'पहारा'च्या नव्या आवृत्तीत काय काय नवीन येणार ते लिहून ठेवलं होतं. सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून कोपऱ्यात लिहावं तसं, एवढंच: नवा आवाज, अरिबा.

'पहारा' म्हणजे श्रीनिवास सरांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर. बँका, दवाखाने, कारखाने यांची मोठी कॉम्प्युटर मशीनं कुठल्यातरी बंद खोलीत अखंड चालू असतात, त्यांच्यावर ते नजर ठेवतं. मशीन तापलं किंवा बंद पडलं, की तिथल्या जबाबदार माणसाचा मोबाइल आपोआप बोलायला लागतो, आणि माणूस जागा होऊन 'एक' दाबत नाही तोवर त्याचा पिच्छा सोडत नाही. आजवर तो मोबाइल शालनच्या आवाजात बोलत होता.

आता हे कसं झालं तेही ऐकण्यासारखं आहे. दहा-अकरा वर्षांपूर्वी ऑफिस नारायण पेठेत दोन खोल्यांत होतं. शालन तेव्हा ग्राहकांचे फोन घ्यायची. एका दुपारी ती डबा उघडून बसलेली, आणि सर मोबाइल पुढे करून म्हणाले, "शालनताई, एक वाक्य बोला." ती बोलली. मग पंखा बंद करून परत. मग खालचा भाजीवाला ओरडला म्हणून परत. चौथ्यांदा बोलायला लावलं तेव्हा भाकरी गार झाली होती आणि बाई तापली होती. "अहो, उठा. मशीन बंद पडलंय," असं म्हणून तिने त्याच दमात सरांना सुनावलं, "किती वेळा सांगायचं?"

ते शेवटचं वाक्य कापायचं राहून गेलं आणि तसंच गावोगाव गेलं. ग्राहकांनी तक्रार करावी तर उलटंच. ते फोन करून विचारायचे, "त्या 'किती वेळा सांगायचं' बाई आहेत का?" शालन आज सपोर्ट विभागाची प्रमुख होती, हाताखाली बारा माणसं होती, पण तिला विचाराल तर तिची खरी पदवी हीच.

फळ्यावरच्या बाकीच्या गोष्टींबद्दल तिची काही तक्रार नव्हती. एका बिघाडाने पन्नास मशीनं बोंब मारायला लागली, तर पन्नास फोन करायचे नाहीत, मूळ दुखणं कुठे आहे तेवढा एकच करायचा. मशीनमधली जागा संपायच्या आधीच सांगायचं. मशीनच्या खोलीबरोबर फ्रिजचंही तापमान बघायचं. हे सगळं तिनेच ग्राहकांचं ऐकून ऐकून सरांच्या कानी घातलं होतं. पण आवाज बदला, असं तिने कोणाला सांगितलं होतं?

"तुमचं एकच वाक्य आहे हो," सर म्हणाले. "कुठलं मशीन, कुठली शाखा, काय झालंय, हे सगळं बोलून सांगायचंय आता. अरिबाने आठवडाभर बसून वाचलंय. त्यावरून कॉम्प्युटर कुठलंही वाक्य जुळवतो."

"मग मी वाचलं असतं आठवडाभर. मला वाचता येतं."

"तुमचा घसा आता…" सर म्हणाले, आणि पुढचं त्यांनी गिळलं. गिळलं नसतं तर बरं झालं असतं. शालन ते न बोललेलं वाक्य घेऊनच घरी गेली.

अरिबा बुधवार पेठेतली. वडिलांचं, कासिमभाईंचं, माइक आणि लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान. पोरगी लहानपणापासून माइकसमोर 'हॅलो, वन टू थ्री' करत वाढलेली. तेवीस वर्षांची, हसरी, आणि आवाज म्हणजे खडीसाखर. वागायलाही इतकी गुणी की तिचा राग करायला जागा सापडेना. जिथे तिथे शालनताई, शालनताई. एखादी उद्धट असती तर शालनला किती सोपं गेलं असतं.

त्यात ही बया आपण होऊन शालनकडे आली. "ताई, मला ते उठवायचं वाक्य नीट जमतच नाहीये. तुमच्यासारखं पर्फेक्ट कसं म्हणायचं? शिकवा ना."

शालनने तिच्याकडे बघितलं. मनात म्हणाली, ये, शिकवते तुला.

"हे बघ," ती म्हणाली, "माझं जुनं झालं. आता ग्राहक मोठे झाले, त्यांना आदर हवा. गोड बोलायचं. नमस्कार म्हणायचं. 'आपण कृपया जागे व्हाल का?' असं. आणि शेवटी सूर खाली सोडायचा, बाळाला थोपटतात तसा."

"थोपटतात? पण त्यांना उठवायचंय ना?"

"अकरा वर्षं कोण उठवतंय, तू की मी?"

पोरगी बिचारी तसंच बोलली. इतकं मऊ की ऐकता ऐकता शालनलाच जांभई आली. सरांनी ऐकलं आणि खूश झाले. "एकदम प्रोफेशनल. वा, शालनताई, मन मोठं आहे तुमचं." मन कसलं मोठं. आत जळून कोळसा झाला होता.

पहिली चाचणी कुठे घ्यायची यावर फार चर्चा झाली नाही. येरवड्यात रक्त तपासणारी एक लॅबोरेटरी 'पहारा'ची जुनी ग्राहक होती, आणि तिथली मशीनं सांभाळायचा शालनचा नवरा, भीमराव. म्हणजे घरचंच गिऱ्हाईक. नवीन आवृत्ती त्याच्या मोबाइलवर चढली. तीनदा बोलावूनही भीमराव उठला नाही, तर चौथा फोन थेट श्रीनिवास सरांना जाणार होता. शालनला हेच हवं होतं. फोन गेला की सर स्वतः म्हणतील, छे, हा आवाज नाही चालायचा, शालनताईंचाच ठेवा.

तिच्या पोटदुखीचं आणखी एक कारण होतं, पण ते ऑफिसात कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. 'अहो' असं ती शेकडो लोकांना म्हणायची खरी, पण त्या सगळ्यांत एकच माणूस तिचा खरा 'अहो' होता. शेजारी ती झोपलेली आणि उशाशी फोनमधूनही तीच ओरडतेय, असं त्यांच्या घरात इतक्यांदा झालं होतं की भीमराव म्हणायचा, "मला दोन बायका आहेत. दोन्ही सारख्याच." आता त्याच्या उशाशी दुसरीच कोणी बोलणार होती, आणि तीही तेवीस वर्षांची.

रविवार उजाडला. सकाळी दोघं विहारात जाऊन आली, दुपारी मटणाचा रस्सा झाला, आणि भीमराव पंख्याखाली आडवा झाला. मोबाइल उशाशी. शालन पलीकडे लसूण सोलत बसली. रविवारी दुपारी एवढा लसूण कोणाला लागतो, असं कोणी विचारायला घरात नव्हतं.

आणि मोबाइल बोलला.

"नमस्कार. येरवडा शाखेतील नमुन्यांच्या फ्रिजचं तापमान वाढत आहे. आपण कृपया जागे व्हाल का?"

भीमरावने डोळे उघडले नाहीत. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. असं हसू शालनने लग्नाच्या फोटोतसुद्धा बघितलं नव्हतं. झोपेतच तो म्हणाला, "हो, उठतो हं," आणि कूस बदलून घोरायला लागला.

हं. उठतो हं. शालनच्या हातातली पाकळी निसटली. एकोणीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिला हा 'हं' कधी लावला नव्हता. तिला मिळायचं ते "उठतोय की", तेही कपाळाला आठी घालून. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वाटलं, झोपा, खुशाल झोपा. वाजू दे तिकडे फ्रिजचे बारा.

मोबाइल पुन्हा बोलला. तीच खडीसाखर. भीमराव घोरतच होता. शालनला मनातून बरं वाटलं. आणखी एकदा, की मग सरांना फोन. मग सगळं जागच्या जागी.

पण फ्रिजमध्ये काय आहे हे तिला ठाऊक होतं. शनिवारी गोळा केलेलं रक्त. पलीकडच्या वस्तीतल्या पोरांचं तपासणीचं शिबिर झालं होतं, त्यांच्या कोवळ्या हातांत सुया टोचून काढलेलं. ते खराब झालं तर सगळ्या पोरांना परत टोचायचं. सर कोथरूडला राहतात. त्यांना फोन जाणार, ते भीमरावला लावणार, हा उचलणार नाही, मग ते रिक्षा करून निघणार. तोवर काय राहतंय? आणि बोल कोणाला लागणार, तर घोरणाऱ्याला. पण ती उठवायला गेली, तर 'पहारा'त नोंद होणार की माणूस वेळेवर उठला. म्हणजे खडीसाखर पास.

तिसऱ्यांदा मोबाइल बोलायला लागला. "नमस्कार…"

शालन उठली, त्याच्या कानाशी वाकली आणि पोटातली सगळी आग तोंडात आणून म्हणाली, "अहो, उठा. मशीन बंद पडलंय. किती वेळा सांगायचं?"

भीमराव ताडकन उठून बसला. शालनकडे त्याने बघितलंही नाही. मोबाइल उचलला, 'एक' दाबलं, मोबाइललाच म्हणाला, "उठलो बाई, उठलो," आणि खुंटीवरचा शर्ट ओढून बाहेर पळाला.

ती तिथेच उभी राहिली. तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडली होती ती. आणि या माणसाने उत्तर दिलं होतं फोनला.

संध्याकाळी तो परत आला. वायर सुटली होती, नमुने वाचले होते. चहाचा घोट घेऊन म्हणाला, "तुमची ती नवी बाई भारी आहे. सुरुवातीला गोड बोलते, मग एकदम हुबेहूब तुझ्यासारखी खेकसते. सरांना कळवलंय मी, आवाज झकास, ताडकन उठलो."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शालनने त्याची कपबशी उचलली, अजून अर्धा चहा शिल्लक असताना.

सोमवारी सरांनी भीमरावचा निरोप सगळ्यांना वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. अरिबाने पेढे आणले होते, पहिला शालनच्या हातावर ठेवला. "तुमच्यामुळे, ताई." बुधवारपासून तो आवाज सगळ्या ग्राहकांना जाणार होता. आपण कृपया जागे व्हाल का. दवाखाने, बँका, सगळीकडची माणसं "उठतो हं" म्हणून कूस बदलणार होती. शालनला पेढा गिळवेना.

तिने अरिबाचा हात धरून तिला रेकॉर्डिंगच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. "ते उठवायचं वाक्य पुसून टाक. परत बोल."

"का? मिस्टर उठले की तुमचे."

"ते माझ्या ओरडण्याने उठले. तुझ्याने झोपले होते. मी तुला चुकीचं शिकवलं."

"चुकीचं म्हणजे?"

"मुद्दाम. माझ्या पोटात दुखत होतं."

अरिबाने हातातला पेढ्यांचा डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "घरी धाकट्या भावाला, शाहिदला, ऐकवलं तेव्हाच तो म्हणाला होता, दीदी, ही बाई तुला येडा बनवतेय. मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, शालनताई तसल्या नाहीत."

शालनने माइकची वायर नीट केली, जी आधीच नीट होती.

"त्या शाहिदला सकाळी कशी उठवतेस तू?"

"त्याला? त्याला कसलं कृपया." पोरगी नाक फुगवून म्हणाली, आणि आवाज असा चढला की काचेपलीकडच्या माणसांनी माना वळवल्या. "शाहिद, उठतोस का ओतू पाणी?"

हे शालनपेक्षाही चांगलं होतं. यात खडीसाखरही होती आणि खलबत्त्याचा घावही. मत्सर कुठे जातो, तो आणखी दुप्पट झाला. पण आता निदान तो योग्य माणसाबद्दल योग्य कारणासाठी होता.

"हेच," ती म्हणाली. "फक्त शाहिदच्या जागी 'अहो' घाल. आणि सूर खाली सोडू नकोस. थोपटायचं नाहीये कोणाला."

पुढच्या रविवारी पुन्हा रस्सा झाला, पुन्हा भीमराव आडवा झाला. शालन या वेळी लसूणबिसूण काही न घेता, पाय पसरून सरळ पेपर वाचत बसली. मोबाइल बोलला.

"अहो, उठताय का ओतू पाणी? येरवडा शाखेचं मशीन तापलंय."

भीमराव धडपडत उठला. मोबाइलकडे त्याचा हातच गेला नाही. तो शालनकडे वळला, कपाळाला तीच ती आठी, आणि म्हणाला, "अगं, उठतोय की. ओरडतेस कशाला?"

ती एक शब्दही बोलली नव्हती. पेपरवरून मान वर करून तिने त्याच्याकडे नीट बघितलं. त्या आठीकडेही बघितलं.

"मी नाही, ती ओरडतेय," ती म्हणाली.

"ती कोण?"

"तुमची 'हं'वाली. एक दाबा आणि पळा."