तपकिरी स्वेटरवाली

“नटी कधी मरत नाही, ती फक्त पडद्याआड जाते,” असं एनिड थ्रॉसल अत्यंत गंभीरपणे म्हणायची. स्वतः एनिड सदतीस वर्षं टेबलावर चहाचा ट्रे ठेवून पडद्याआड जात आली होती. इंग्लंडातल्या गावोगावच्या रंगमंचांवर तिने मोलकरणी केल्या, खाष्ट घरमालकिणी केल्या आणि एकदा प्रेत केलं. वर्तमानपत्रात कौतुक छापून आलं ते प्रेताचं.

फिरत्या नाटक कंपन्यांचा कपडेपट उमरावांपुरता असे. गरिबांनी आपापले कपडे घरून आणायचे. त्यामुळे एनिडच्या सगळ्या मोलकरणी एकाच तपकिरी स्वेटरमध्ये नांदल्या. कोपरांवर रफू, चार बटणं काळी आणि एक हिरवं. दिग्दर्शकांना तिचं नाव आठवत नसे. “त्या स्वेटरवालीला बोलवा,” म्हणत.

अशाच एकाने तिला चार वर्षांपूर्वी हल गावी पाहिलं होतं. आता तो लंडनमध्ये सिनेमा काढत होता आणि त्यातल्या विधवेसाठी त्याला तीच स्वेटरवाली हवी होती. या विधवेला चक्क नाव होतं, अकरा प्रसंग होते आणि शेवटी पोटभर रडणं होतं. एजंटाचं पत्र आलं: गुरुवारी तीन वाजता.

मंगळवारी बेरिल कॉप चहाला आली. रंगपटात वीस वर्षं दोघींचे आरसे शेजारी होते. एनिडने तिला सगळं सांगून टाकलं; तिला राहवलंच नाही. निघताना बेरिल खोकली.

“अगं, अशी गारठत जाऊ नकोस. हे घाल,” एनिडने स्वेटर तिच्या खांद्यावर टाकलं. “उद्या आणून दे मात्र. परवा लागेल मला.”

उद्या उजाडला, स्वेटर आलं नाही. गुरुवारी एनिड चर्चला जायचा निळा कोट घालून गेली.

“माफ करा बाई,” दिग्दर्शक अदबीने म्हणाला, “हलची ती बाई कालच येऊन गेली. दारातच ओळखली मी.”

“हलला मी होते.”

“हो का? छान गाव आहे,” असं म्हणून त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं.

रविवारी बेरिल केक घेऊन आली. अंगात स्वेटर होतंच.

“मी एक अक्षर खोटं बोलले नाही हं, एनिड. तो म्हणाला, ‘हलला तुम्हीच ना?’ मी म्हटलं, ‘हलची थंडी काय विचारता!’”

“बेरिल, तुला ठाऊक होतं, मला पुन्हा असं काही मिळणार नाही.”

“होतं ना. पण मला तरी कुठे मिळणार होतं गं?”

एनिड उठली. लोकांसमोर हातात ट्रे न घेता उभं राहण्याची तिची ही पहिलीच वेळ. ती वीस वर्षांबद्दल बोलली, उसन्या पावडरीबद्दल बोलली, बेरिलच्या आजारपणात उशाशी काढलेल्या आठवड्यांबद्दल बोलली. मग आवाज फुटला, श्वास घशात अडकला आणि एनिड थ्रॉसल आयुष्यात कधी रडली नव्हती अशी रडली.

बेरिल हातातला केक विसरून बघत होती. तिचेही डोळे भरले होते. मग ती हळूच म्हणाली,

“एनिड, तो श्वास अडकला ना, तिथून एकदा पुन्हा करून दाखवतेस?”