शोष्या आणि आप्पांचा संप

मी एक डीह्युमिडिफायर बोलतोय. आधीच माफी मागतो. शुद्धलेखनात चुका होतील आणि शब्द साधेच असतील. माझी शाळा म्हणजे खोक्यातलं माहितीपत्रक, तेही आप्पांनी पहिल्याच दिवशी रद्दीत टाकलं. शिक्षण तिथेच थांबलं. माझं लांबलचक नाव आप्पांच्या तोंडात बसेना. हवेतली ओल शोषतो म्हणून ते मला 'शोष्या' म्हणू लागले. मला ते नाव आवडतं.

आप्पा म्हणजे माधवचे वडील, विष्णू. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात नोकरी केली, बायको गेल्यावर विलायतेत, ईलिंगला मुलाकडे आले. येताना कपडे थोडे आणि तबला-डग्गा मात्र दोन चादरींत गुंडाळून आणला.

पण वर खोलीत वाजवलं की भिंतीपलीकडचं तान्हं बाळ जागं व्हायचं. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. आप्पांनीच एकदा रडणं ऐकलं आणि तबल्यावर गवसणी चढवली. मग ते खाली सेलरमध्ये, म्हणजे तळघरात वाजवायला लागले. तिथे भिंतींना ओल. पुडी सैल पडायची, तबला उतरायचा, आवाज बोदा यायचा. म्हणून सुनेने, अनुराधाने, मला दुकानातून आणलं.

मी रात्रंदिवस गुरगुरत ओल प्यायचो. सकाळी आप्पा माझी बादली ओतायचे आणि म्हणायचे, "शाब्बास शोष्या." पण बाहेर पाऊस लागला की मी कमी पडायचो. एकदा आप्पांनी तबल्यावर थाप मारली, ऐकली आणि तबला लावायची हातोडी खाली ठेवली.

"माधव, मी दिवाळीला सांगलीला जातो रे. कायमचा. इथे नुसता बसून हात गंजतील."

अनुराधा म्हणाली, "आप्पा, थोडं थांबा. आपण सेलर नीट करून घेऊ. तुमची खोली."

मग कॉन्ट्रॅक्टर बघायला यायला लागले.

पहिला क्रेग. चकचकीत व्हॅन, पांढरे बूट. "लव्हली स्पेस, सर!" म्हणाला. भिंतींना वॉटरप्रूफ रंग, त्यावर प्लास्टरबोर्ड, वर छान दिवे, झालं काम. त्याने माझा प्लग काढून आपला फोन चार्जिंगला लावला आणि जाताना मला पुन्हा लावायला विसरला. मी लाजाळू, काय बोलणार? आप्पांना मात्र तो आवडला. 'सर' म्हणाला होता ना.

दुसरी मोइरा. चिखलाचे बूट दारातच काढून मोज्यांवर खाली आली. आधी माझ्यापाशीच गुडघ्यांवर बसली, बादली ओढली आणि शीळ घातली. "बिचारा! एकटाच किती पितो हा!" मला भरून आलं. म्हणजे बादली आधीच भरलेली होती.

त्या दुपारी माधव आणि अनुराधा कामावर होते. नात तनू दुभाषी. जन्म इथलाच, मराठी तिची तिची.

"आजोबा, ती म्हणतो, पाणी बाहेरनं आत येतो. रंग लावून काय नाय होणार. पहिला संप पाहिजे."

"कसला संप?"

"सेलरचा! संप नाय तर काम नाय, म्हणतो ती."

आप्पांच्या भुवया वर गेल्या. मोइराही मान डोलावत "संप, संप" म्हणाली. आप्पांना वाटलं, देशी वस्तीत, साउथॉलच्या बाजूला कामं करून बाई आपले शब्द शिकली असणार. त्यांनी आपलं इंग्रजी बाहेर काढलं.

"मॅडम, धिस संप... हाऊ मेनी डेज?"

"वर्षभर, लव्ह!" मोइरा हसून म्हणाली. "पाऊस आला की आपोआप सुरू होतो."

"अँड हू विल स्टॉप इट?"

"कुणी थांबवू नये एवढंच. थांबला तर इथे गुडघाभर पाणी!"

आप्पा जिन्याच्या पायरीवर टेकले.

संध्याकाळी सगळे खाली जमले. आप्पांनी निकाल देऊन टाकला. "त्या बाईला काम द्यायचं नाही. तोंडावर सांगून गेली, पाऊस आला की संप. या देशात पाऊस कधी नसतो? कारखान्यातल्या एका संपाने माझे केस पांढरे केले. क्रेगला हो म्हण."

"मोइरा असं म्हणाली?" माधवने तनूकडे पाहिलं.

"हो बाबा, तसाच बोलली."

माधवने फोन काढला. माझा जीव खालीवर. क्रेगच्या रंगाआड ओल तशीच राहणार, तबला उतरणार आणि दिवाळीला आप्पा जाणार. पण मला बोलता कुठे येतं? बादली भरली की लाल दिवा लागतो आणि 'टीं' होतं, तेवढीच माझी भाषा. मी होता तेवढा जोर लावून प्यायलो.

टीं!

"थांब माधव," म्हणत अनुराधाने बादली काढली. ती जड होती. तिने पाण्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "हे पाणी रंगाने अडेल? आप्पा, ती नेमकं काय म्हणाली?"

"म्हणाली, संप आपोआप सुरू होतो. थांबला तर गुडघाभर पाणी."

अनुराधा इतकी हसली, की अर्धी बादली माधवच्या सपातांवर.

"आप्पा, तो आपला संप नव्हे! सम्प, इंग्रजी शब्द आहे. जमिनीत खड्डा करतात, पाणी त्यात जमतं आणि पंप ते बाहेर फेकतो."

"मग सरळ खड्डा म्हणावं की!"

"आजोबा, स्ट्राइकला संप म्हणतात?" तनूचे डोळे मोठे झाले. "मला कोणी नाय सांगितला!"

आप्पांनी घसा साफ केला. "त्या बाईला फोन लावा. आणि विचारा, खड्डा तबल्यापासून जरा लांब ठेवशील का म्हणून."

काम चाललं तेवढे दिवस मी वर कपाटात धूळ खाल्ली. परत खाली आलो तेव्हा सेलर ओळखू येईना. कोपऱ्यात खड्ड्यावर झाकण आणि त्यावर तनूच्या अक्षरात चिठ्ठी : 'संप चालू आहे.' बाहेर पाऊस होता. आप्पांनी तबला लावला, थाप मारली. खणखणीत. पलीकडचं बाळ झोपलेलंच. दिवाळीत सांगलीचं नाव निघालं ते फक्त भडंग मागवण्यापुरतं.

आता मला फारसं काम नाही. कालच अनुराधा म्हणाली, "शोष्याला चॅरिटी शॉपमध्ये दान देऊया का?" तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, तर देण्याआधी एकदा त्याच्याकडे बघा, एवढंच सांगतो.

आज सकाळी आप्पा नेहमीसारखे खाली आले. माझी बादली काढली. कोरडी. तरी ती सिंकवर नेऊन विसळली, पंच्याने पुसली, परत बसवली आणि म्हणाले, "शाब्बास शोष्या."

मीही मग उगाच थोडा गुरगुरलो.