पितळी हुकावरचं नाव

"मावशी, येवढं कानशीनं घासून टाका. दोन मिनटांचं काम हाय," शिवराज म्हणाला आणि कानसही त्यानंच माझ्यापुढे सरकवली. माझ्याच घरात, माझीच कानस!

सुलतान बाजारात त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. तो मोडके टेलिफोन आणून देतो आणि त्यांचे तुटलेले भाग मी गच्चीवरच्या भट्टीत पितळ वितळवून ओतते. आज समोर होता तो भिंतीवर टांगायचा, लाकडी पेटीचा फोन. रिसीव्हर अडकवायचा हूक मी केलेला. हुकाचं जे टोक पेटीच्या आत लपतं, त्यावर बारीक अक्षरांत माझं नाव, 'त्रिवेणी'.

"आतलं कुणाला दिसतंय?" मी म्हटलं.

"कस्टमर खोलून बघतोय ना. पूरा ओरिजिनल म्हणून घ्यायलाय तो. नाव दिसलं की खतम."

"मग सांग त्याला, हूक नवा आहे म्हणून."

"ऐसं सांगून धंदा होतो का, मावशी?"

या हुकानं मला रडवलं होतं. तुटका हूक जोडून तसाच रेतीत दाबला आणि साचा घेतला. पितळ निवताना आकसतं, हे मला पाठ आहे, तरी विसरले. हूक तोकडा पडला, आतल्या पट्टीला टेकेचना. मग सुनेचं, रेणूचं, नेलपॉलिश घेऊन जुन्या हुकावर थरावर थर चढवले, तो अंगानं वाढवला आणि पुन्हा ओतला. बाटली संपली तेव्हा रेणू म्हणाली, "आत्याबाई, हुकाला नवरी करायलाव का?"

नाव मी रेतीतच दाभणानं कोरते, उलटं. म्हणजे पितळावर सुलटं उठतं. आता सुलट्यापेक्षा उलटंच जास्त वळणदार येतं.

कारण विचाराल तर सांगते. ट्रंक एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं मी ऑपरेटर होते. नाव सांगायची परवानगी नव्हती, फक्त नंबर. मी सत्तावीस. लाइन लागली की लोक एकमेकांशी बोलायचे, नाही लागली की सत्तावीसची आईबहीण काढायचे. माझ्या निरोपाला साहेब भाषणाला उभे राहिले आणि नावापाशीच अडखळले. शेजारी बसलेल्यानं कानात सांगितलं तेव्हा गाडी पुढे सरकली. त्यांनी घातलेला हार मी घरी आणलाच नाही.

"घासा ना," शिवराज म्हणाला. "और सहा फोन पडलेत दुकानात, सगळे तुम्हालाच देतो. नाही तर अफझलगंजमध्ये एक माणूस हाय, तो करून देतो. फिर मी इकडं यायचो नाही, आधीच सांगायलोय."

त्याच्याशिवाय मला फोन आणून देणारं कुणी नव्हतं. तो आला नाही, तर भट्टी कशासाठी पेटवायची?

मी हात पुढे केला. शिवराजला हसू फुटलं. पण मी कानस बाजूला सारून स्क्रूड्रायव्हर उचलला. पेटीचं दार उघडलं, दोन स्क्रू काढले आणि हूक ओढून बाहेर घेतला.

"हे काय करायलाव, मावशी?"

"पेटी तुझी, हूक माझा. हा घे तुझा तुटका ओरिजिनल हूक. लाव कुठं लावायचा तिथं."

"दिमाग खराब झालाय का? एका नावासाठी?"

"हो," मी म्हटलं. "एका नावासाठीच."

रेणू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिनं बाहेरच्या दाराची कडी काढून दिली.

शिवराज जिना उतरू लागला. पेटी काखेत होती, आणि रिसीव्हर अडकवायला जागा नव्हती म्हणून तो त्यानं हातात धरला होता. खालच्या पायरीवर थांबून त्यानं वर पाहिलं. मी हाक मारीन असं त्याला वाटलं असावं. मी कठडा घट्ट धरून उभी राहिले, तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत, आणि हाक मारली नाही.