लोथारचा आवाज

हॅम्बुर्गच्या स्टुडिओत पुन्हा एकदा लंडनचं धुकं सोडलं होतं. १९६२ साली जर्मन माणसाला रहस्यपट पाहायचा तर खून लंडनलाच व्हावा लागे. युद्धकाळात आपल्याच घरात झालेल्या खुनांबद्दल बोलायची कोणाची छाती नव्हती. चित्रपटातल्या लॉर्डचा नट ब्रेमेनचा, इन्स्पेक्टरचा म्युनिकचा. क्लबचा दारवान झालेला लोथार एबोआ मात्र अस्सल हॅम्बुर्गचा. बाप कॅमेरूनचा खलाशी, आई इथलीच, शिवणकाम करणारी. रंग त्याने बापाचा घेतला आणि त्या रंगावरच त्याला कामं मिळत. गळा दाबणारा, सापांची पेटी वाहणारा, पडद्याआडून डोळे वटारणारा. सगळी मुकी. प्रेक्षकांनी त्याच्यावर संशय घ्यायचा आणि शेवटी खुनी कोणी गोरा वकील निघायचा, हे ठरलेलं.

या खेपेला त्याला बोलायला वाक्यं होती. त्याच्या आईची, केटेची, नजर पार गेली होती, पण ऐकू तर येणार होतं. मुलगा बोलणार म्हणून म्हातारीने शेजारणींचे कान किटवले होते.

चित्रीकरण झालं की आवाज पुन्हा वेगळा भरायचा, ही तिथली रीत. अंधाऱ्या खोलीत, पडद्यावरचे स्वतःचे ओठ पाहत लोथार स्वच्छ बोलला, "आत कोणी नाही, साहेब. मालक सकाळीच बाहेर पडले."

दिग्दर्शक बोल्टेने हात वर केला. "लोथार, बाबा, बातम्या वाचतोयस का? जरा मोडकंतोडकं बोल. 'मालक नाय. मालक जाय.' असं."

"का?"

"अरे, लोकांना तुझा संशय यायला नको?"

"लॉर्ड तर इंग्रज आहे. मग त्याची जर्मन कशी तुपात घोळलेली? त्याचीही मोडा थोडी."

यंत्रावरचा माणूस खुदकन हसला. बोल्टे हसला नाही. "डोकं खाऊ नकोस. बोल."

 हे काम गेलं तर पुढचं कोण देणार? तरी लोथारने वाक्य पहिल्यासारखंच स्वच्छ म्हटलं, उलट आणखी सावकाश.

"बरं, राहू दे," बोल्टे म्हणाला. लोथार शीळ घालत घरी गेला. भोळाच तो.

चित्रपट लागला तेव्हा त्याने आईला हाताला धरून नेलं. पडद्यावर लोथारने दार उघडलं आणि त्याच्या तोंडून भलताच घोगरा आवाज आला, "आत कुणी नाय. मालक जाय." लोक खो खो हसले.

केटेही हसली. "कोण रे हा बावळट? तू कधी येणार?"

'येईन पुढे' म्हणून वेळ मारून नेता आली असती. तिला दिसणार थोडंच होतं! त्या विचाराची लोथारला लाज वाटली.

"तो मीच, आई. चेहरा माझा ठेवला, आवाज दुसऱ्याचा लावला."

 केटे काठी चाचपत उठली. "चल."

रांगेच्या टोकाचा माणूस खेकसला, "ओ आजी, बसा खाली! खुनी सापडायचाय अजून!"

"माझ्या आईला बाहेर जायचंय," लोथार म्हणाला. आवाज चढवला नाही, पण शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. "जरा पाय आत घ्या, साहेब."

त्या माणसाने पडद्याकडे पाहिलं, लोथारकडे पाहिलं आणि मुकाट्याने पाय आत घेतले. आजूबाजूचं हसणं थांबलं.

"ऐकलंत?" केटे अंधारात सगळ्यांना म्हणाली. "माझा लोथार असा बोलतो."