ताईचा सेनापती

मित्रांनो, मी फिल्मवर चालणारा एक जुना कॅमेरा आहे. माझे झाकण उघडून वरून आत डोकावले की समोरचा माणूस काचेवर दिसतो. माझ्या एका रोलवर फक्त बारा फोटो निघतात; पण माझी निगेटिव्ह मोठी, चौकोनी. भरजरी अंगरख्याचा टाका न् टाका तिच्यात उमटतो.

कारखान्यात कुशल हातांनी मला जुळवले आणि फिरत फिरत मी एका फोटोग्राफरकडे आलो. त्याचा स्टुडिओ छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. खालचे यंत्र सुरू झाले की आमची जमीन थरथरायची, म्हणून आम्ही छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत काम उरकायचो. नाटकातली माणसे वेश करून यायची. राजे, चेटकिणी, शिपाई, विदूषक! ते सगळे कपडे फोटोग्राफरची थोरली बहीण शिवायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. ओठांत टाचण्या धरून ती राजाच्या शेल्याची चुणी सारखी करायची, चटकन बाजूला सरायची आणि म्हणायची, "हं, काढ आता."

नाट्यगृहाच्या दारात आमचे फोटो लागत. लोक थबकून बघत. ते दिवस सोन्याचे होते.

पुढे नवे कॅमेरे आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. दमट हवेने माझ्या भिंगावर बुरशी चढली, शटर आखडले. कोणी माझी रोल सरकवायची चावीसुद्धा फिरवली नाही.

एक दिवस कपाट उघडले. फोटोग्राफरचे डोळे सुजलेले होते. ताईचे हृदय थकले होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. तिने भावाजवळ एकच हट्ट धरला होता.

"बाळ्या, जगाचे फोटो काढलेस. वेशातला माझा एक तरी आहे का? मला सेनापती कर. मिशीवाला. आणि मोबाइलवर नको हं, आपल्या त्या जुन्या डब्यात काढ."

तो मला घेऊन दुरुस्तीवाल्या काकांकडे धावला. काकांनी भिंग पुसले, शटरमध्ये तेलाचा थेंब सोडला आणि मान हलवली. "सुटे भाग मिळत नाहीत रे आता. भर उन्हात चालला तर चालला. भरवसा धरू नकोस."

एकच जुना रोल शिल्लक होता. मुदत कधीच उलटलेली.

अंगणात खुर्ची मांडली. ताई इतकी वाळली होती की तिनेच शिवलेला अंगरखा तिच्या अंगावर लोंबत होता. भावाने तो मागून टाचण्यांनी आवळला. डिंकाने मिशी चिकटवली. तिने तलवार मांडीवर घेतली आणि मान ताठ केली.

त्याने कळ दाबली. माझे शटर उघडले ते मिटेचना. फोटो वाया गेला. दुसरा वाया, तिसराही. मी जीव तोडून धडपडत होतो, मित्रांनो, पण आखडलेली स्प्रिंग ऐकेल तर ना! समोर ताईला धाप लागली होती.

"ताई, पुरे. आत चल."

"गप रे. सेनापती रण सोडून पळतो का? मिशी पडायच्या आत काढ."

एकामागून एक फोटो फुकट गेले. शेवटचा उरला. फोटोग्राफर माझ्यावर वाकला आणि त्याचे आसू माझ्या काचेवर पडले. ताईने ते पाहिले. तलवार विसरून तिने हात पुढे केला, "अरे वेड्या, रडतोस काय?" तेवढ्यात त्याच्या बोटाने कळ दाबली गेली.

खट्! शटर उघडले आणि मिटले.

त्याच दुपारी तिला दवाखान्यात न्यावे लागले. रोल धुवून, वाळवून तो धावत तिच्या खाटेपाशी गेला. मला गळ्यातून काढायचेही त्याला भान नव्हते. त्याने निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली. अकरा चौकटी जादा उजेड शिरून नुसत्या काळ्या झाल्या होत्या, शेवटच्या चौकटीत ती होती.

निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे दिसते. ताईने डोळे बारीक केले. "अगंबाई, मिशी पिकली की रे! म्हातारा झाला तुझा सेनापती."

"छापल्यावर काळी होईल, ताई. उद्या आणतो."

"आण," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन आला, तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती.

तो फोटो आता स्टुडिओच्या भिंतीवर आहे. त्यात सेनापती कुठेच नाही. मिशी लावलेली एक बहीण रडणाऱ्या भावाकडे हात पसरते आहे, एवढेच.

माझे शटर नंतर पुन्हा उघडले नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल, तर अधूनमधून त्याची चावी फिरवा, भिंग पुसा. पडून पडून आम्ही मरतो. आणि इतरांना सजवून स्वतः बाजूला सरणारे माणूस घरात असेल, तर त्याला आजच हाताला धरून पुढे आणा. ते स्वतः कधीच म्हणणार नाही. ताईसुद्धा फार उशिरा म्हणाली.