ओळखीची बाई

युती झाली एकदाची! कालपर्यंत एकमेकांची उणीदुणी काढणारे दोन पुढारी एकाच माइकला चिकटले, फोटो छापून आला. वरच्यांचं बरं असतं हो. गळाभेट उरकली की ते मोकळे, निस्तरायचं खालच्यांनी.

खालचा म्हणजे आपला झेरॉक्सवाला. चौकात दुकान, आणि गेली वीस वर्षं मतदान केंद्रावर आपल्या पक्षाचा प्रतिनिधी. शाळेच्या बाकावर बसायचं, समोर यादी, हातात पट्टी-पेन्सिल. मतदार आला की नावाखाली रेघ मारायची, कोणी खोटा वाटला तर हरकत घ्यायची. त्या हरकतीनेच त्याचं तोंड काळं केलं.

मागच्या निवडणुकीत त्याची सख्खी आत्या मत द्यायला आली होती. आई गेल्यावर याला लहानाचं मोठं तिनेच केलं. पण ती जन्मभर समोरच्या पक्षाची. यादीत तिचं वय अठ्ठ्याहत्तरऐवजी अठ्ठेचाळीस छापलेलं. समोरच्यांचा प्रतिनिधी जेवायला गेलेला. याने वयावर हरकत घेतली. अधिकारी बाहेरगावचा, त्याने विचारलं, "यांना इथे कोणी ओळखतं?"

झेरॉक्सवाला म्हणाला, "नाही."

एका मतासाठी! बरं, एवढं करून पक्ष पडायचा तो पडलाच. आत्या तशीच मागे वळली. कागद आणायला घरी गेली, गुडघे धरत परत येईपर्यंत दार बंद झालं होतं. तेव्हापासून पाच वर्षं हा पठ्ठ्या तिची गल्ली टाळून, लांबचा वळसा घालून दुकानात जातो. लाजेने बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

आणि यंदा निरोप आला, युतीचं एकेक मत बाहेर काढा. आत्याचं मत आता आपलंच की! तिला आणायचं कोणी? भाच्यानेच.

बाकावरची जागा पक्षाच्या दुसऱ्या माणसाला देऊन तो रिक्षाने तिच्या दारात गेला. 'आत्या, चुकलं माझं,' हे पाच वर्षं घोकलेलं. पण तोंडातून निघालं, "आत्या, रिक्षा आणलीय." स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

"आलास, ढब्बू?" आत्या म्हणाली. "किती रोडावलास रे! थांब, पिशवी घेते."

तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

केंद्रावर तिला रांगेत उभं करून तो पुन्हा बाकावर बसला. शेजारी मागच्या वेळी जेवायला गेलेला तो समोरच्यांचा प्रतिनिधी, आता मित्रपक्षाचा. तिचा नंबर आला. यादीत चूक तीच, वय आता त्रेपन्न. या वेळच्या अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या. आत्याने घाईघाईने पिशवी टेबलावर रिकामी केली. ओळखपत्र, जन्माचा दाखला, आणि एका जुन्या फोटोची झेरॉक्स. तरुण आत्या, मांडीवर गुबगुबीत पोर.

"हा तो, साहेब. तो काय, बाकावर बसलाय."

"अहो आजी, ओळखपत्र पुरे. कोणाची हरकत नाही."

"असू द्या, जवळ असलेलं बरं. पलीकडच्या चौकातून काढून आणली मी. याच्या दुकानात गेले असते तर याला उगीच अवघडल्यासारखं झालं असतं."

झेरॉक्सवाल्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो उठला. पट्टी खाली पडली.

"साहेब, ही माझी आत्या. मी ओळखतो हिला." आवाज फाटला. "मागच्या वेळीही ओळखत होतो."

मित्रपक्षवाला यादीत डोकं खुपसून बसला.

आत्याने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, पण हसलीही नाही. मग अधिकाऱ्याकडे वळून म्हणाली, "तेवढं लिहून घ्या, साहेब. पुढच्या वेळी युती असेल-नसेल."

आणि तिने शाईसाठी बोट पुढे केलं.