बाजाराच्या दिवशी ठेवलेला सामना

मित्रांनो, मला हातात घेऊन दाबलंत तर तुमचा अंगठा आत जाईल. हसू नका. मी चामड्याचा एक जुना फुटबॉल आहे आणि या वयात पोट खपाटीला जाणारच. जालंधरात अठरा पट्ट्या शिवून मला घडवलं, पोटात रबरी ब्लॅडर घातला आणि तोंड वादीनं आवळलं. १९७५ साली रामराव मास्तर मला अमरावतीहून मानोऱ्याला घेऊन आले. एस.टी.त त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

मास्तर आमच्या संघाला शिकवत आणि जगदेव कप्तान होता. पोरं आठवडाभर मला लाथा घालत आणि रविवारी जवसाचं तेल लावून चोळत. माया करायची ही तऱ्हा मला आवडायची, खोटं कशाला बोलू?

पण माझा खरा जीव होता तो सेवालालवर. तो जवळच्या तांड्यावरचा, विशीतला, अनवाणी खेळणारा. तो मधे उभा राही आणि संघाचा सगळा खेळ त्याच्या पायातून फिरे. कुणाला काही सुचेनासं झालं की ओरडा होई, "सेवालालले दे!" माझी वादी कपाळावर बसली की भलेभले कळवळत, पण हा मला डोक्यावर घेऊनही हसायचा.

त्याच्या जोरावर आम्ही तीन सामने जिंकले. आता एकच उरला होता, धनजच्या संघाशी. तो जिंकला की अकोल्याला जिल्ह्याचे सामने. तिथे पोलीस खात्याचे साहेब येत आणि चांगला खेळाडू दिसला की नोकरीला घेत. सेवालालला ते नक्की घेतील, असं सारं गाव म्हणत होतं. मलाही तसंच वाटे.

अडचण एकच होती. दिवाळी झाली की मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक येई आणि तांडा ऊसतोडीला निघे. मास्तर तांड्याचे नायक धरमसिंग यांच्याकडे गेले आणि हात जोडले. नायक म्हणाले, "दोन दिस थांबतो. मुकादमाले मी सांगतो."

दोन दिवसांत सामना सहज झाला असता. पण जगदेवच्या डोक्यात भलतंच आलं. "मास्तर, तिसऱ्या दिसी बाजार हाय. साऱ्या गावायचे लोक येतीन. आपला खेळ पाह्यला कोनी नसला तं जिंकून काय उपेग?" मास्तरांनाही ते पटलं. नायकांनी दोन दिवस दिले, तर तिसरा द्यायला काय हरकत, असा त्यांचा हिशेब. धनजवाले कबूल झाले आणि हातचं सोडून आम्ही पळत्याच्या पाठीस लागलो. मी खुंटीवरच्या जाळीत लटकून सगळं ऐकत होतो. मित्रांनो, फुटबॉलला तोंड असतं, पण तेही वादीनं बांधलेलं.

बाजाराच्या दिवशी सकाळीच ट्रक तांड्यावर आला. मला काखेत मारून जगदेव धावला, मागे मास्तर. ट्रकात भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं आणि मधे सेवालाल.

"नायक, एक दिस!" मास्तरांना धाप लागली होती.

"मी मुकादमाले दोन दिसाचा शबुद देल्ला. तिसऱ्याचा कुठून देऊ?"

"मंग एकट्या सेवालालले राहू द्या. मी सोता पोचवून देतो."

तेव्हा सेवालालची आई, हिरीबाई, ट्रकातून बोलली. "कोयता दोघायचा राह्यते, मास्तर. एकानं तोडाव, एकीनं मोळी बांधाव. मी एकटी कायचा कोयता? मले उतरवून देतीन ते."

सेवालालनं हात पुढे केला, तसं जगदेवनं मला त्याच्याकडे दिलं. त्यानं दोन्ही अंगठ्यांनी मला दाबून पाहिलं. "हवा कमी हाय. मॅचच्या आंधी भरजा." एवढंच बोलून त्यानं मला परत केलं. मला त्याला चिकटून राहायचं होतं. पण मला हात कुठे आहेत!

सामन्याला गर्दी मात्र खूप झाली. सेवालालच्या जागी पुंजाजीला उभं केलं. तो भला माणूस, पण मी जवळ आलो की डोळे मिटायचा. पोरं सवयीनं ओरडत राहिली, "सेवालालले दे!" आणि मला तिकडे मारत राहिली. तिथून दर वेळी धनजवाले मला घेऊन जात. गोलात शिरायचं नाही, असं मी मनाशी कितीदा ठरवलं. पण मारतील तिकडे जाणं हाच माझा जन्म. आम्ही एका गोलनं हरलो.

वैशाखात सेवालाल परतला. मास्तरांनी मला त्याच्यापुढे टाकलं. त्यानं अर्ध्या मैदानातून मला मारलं आणि मी थेट गोलाच्या कोपऱ्यात गेलो. जगदेव नाचायला लागला. "येत्या साली अकोला पक्कं!"

सेवालाल पायाची धूळ झाडत म्हणाला, "येत्या साली दिवाई येनार नाई का?"

पुढे चार वर्षं दिवाळी आली, ट्रकही आला. पाचव्या वर्षी सेवालाल खेळायलाच आला नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी आपली काळजी घ्यायला सांगायची असते. मला तेल नको. मारून मारून फाडलंत तरी चालेल. पण सामन्याची तारीख ठरवताना त्या वेळी नायकांकडे दिवस मागितले, धनजवाल्यांना विचारलं, बाजारसुद्धा पाहिला. सेवालालला मात्र कुणीच विचारलं नव्हतं. मी फुटबॉल आहे, मला न विचारता खेळा. पण खेळणाऱ्याला विचारत जा.